ऑटोक्लेव्हच्या १५ मिनिटांऐवजी प्रेशर कुकरच्या शिट्ट्या किती घ्याव्यात?

प्रश्न : सह्यकडा

नमस्कार. मी पाचगणीजवळच्या एका गावातील माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. नववीच्या मुलांना न धुतलेल्या आणि साबणाने धुतलेल्या बोटांचे ठसे पोषक अगरवर (जीवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर) घेऊन, त्यावर उगवणाऱ्या जीवाणूंच्या वसाहती दाखवाव्यात, असे ठरवले आहे. काचेच्या पेट्री डिश आहेत, अगर आहे, एक चांगला सूक्ष्मदर्शकही आहे. ऑटोक्लेव्ह (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) मात्र नाही आणि तो घेण्याइतकी तरतूद नजीकच्या काळात होईल असे दिसत नाही. त्यामुळे पाच लिटरचा एक साधा प्रेशर कुकर केवळ याच कामासाठी वेगळा काढला आहे.

पुस्तकांत सर्वत्र ‘१२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड प्रति चौरस इंच दाब, १५ मिनिटे’ असे लिहिलेले असते. कुकरला ना दाबमापक असतो ना तापमापक. त्याची भाषा शिट्ट्यांची. मग १५ मिनिटांच्या बदल्यात किती शिट्ट्या घ्याव्यात? आणि माध्यम नुसते अर्धा तास खळखळून उकळले तर का चालत नाही, हे मुलांना पटेल अशा रीतीने कसे सांगावे?

उत्तर : निकेल_लूप

आपण कुकर स्वयंपाकापासून वेगळा ठेवला आहे, हे सर्वप्रथम योग्य केले आहे. जीवाणूंच्या कामासाठी वापरलेली भांडी पुन्हा ओट्यावर येता कामा नयेत.

शिट्ट्या मोजण्याचा विचार मात्र पूर्णपणे सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आतील दाबाने वजन उचलले गेले की शिट्टी होते, आणि ती किती वेळाने होईल हे ज्योत किती मोठी आहे, कुकरमध्ये पाणी किती आहे आणि तो किती भरला आहे यांवर अवलंबून असते. मोठ्या ज्योतीवर पाच शिट्ट्या चार मिनिटांत होतात, तर बारीक ज्योतीवर त्याच पाच शिट्ट्यांना पाऊण तास लागू शकतो. दोन्ही वेळा आतले तापमान जवळजवळ तेच असते. जीवाणू मरतात ते तापमान आणि काळ या दोहोंच्या जोडीने, म्हणून घड्याळच लावावे लागते.

प्रत्यक्ष कृती सांगतो. तळाशी तीन-चार सेंटिमीटर पाणी घेऊन त्यात जाळी किंवा तिवई ठेवावी. माध्यमाचे फ्लास्क निम्म्यापेक्षा थोडे अधिक, फार तर दोन-तृतीयांश भरावेत, तोंडाला कापसाचा घट्ट बोळा लावून त्यावर ॲल्युमिनियमचा कागद बांधावा. स्क्रूच्या झाकणाची बाटली असेल तर झाकण अर्धा आटा सैल ठेवावे. झाकण लावल्यावर शिट्टी लगेच बसवू नये. नळीतून वाफेचा सलग, जोरदार झोत येऊ लागल्यानंतरही सात-आठ मिनिटे तो तसाच वाहू द्यावा आणि मगच शिट्टी बसवावी. पहिली शिट्टी झाली की ज्योत इतकी कमी करावी की दोन-तीन मिनिटांतून एखादी शिट्टी होत राहील, आणि त्या क्षणापासून वेळ मोजावी. ज्योत एवढीही बारीक नको की शिट्टी होणेच बंद पडेल, कारण मग दाब ठरलेल्या पातळीवर आहे की नाही हे कळायला काही मार्ग उरत नाही.

वेळ संपल्यावर आच बंद करून कुकर आपोआप निवू द्यावा. चिमट्याने शिट्टी उचलून वाफ सोडण्याची स्वयंपाकघरातील सवय येथे घातक आहे: बाहेरचा दाब एकाएकी उतरला, तरी फ्लास्कमधील द्रव अजून १०० अंशांच्या वर असतो, तो क्षणात उसळून उकळतो, बोळा उडवतो आणि उघडणाऱ्याच्या हातावर येतो. अगरचे द्रावण सुमारे ५० अंशांपर्यंत निवले, म्हणजे हाताला गरम पण धरवेल इतके झाले, की पेट्री डिशमध्ये ओतावे. त्याहून गरम ओतले तर झाकणावर पाण्याचे थेंब साचतात आणि ते खाली गळून वसाहती एकमेकींत मिसळतात. फार निवू दिले तर ४० अंशांच्या खाली अगर फ्लास्कमध्येच गोठू लागते.

उत्तर : संपृक्त_वाफ

वरील उत्तरातील ‘सात-आठ मिनिटे वाफ वाहू द्यावी’ हे वाक्य बहुतेक वाचक ओलांडून पुढे जातील, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. मी भौतिकशास्त्राचा माणूस आहे, आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणाचा गाभा तोच आहे.

दाबमापक १५ पौंड दाखवतो तेव्हा आतील तापमान १२१ अंश असतेच असे नाही. ते केवळ शुद्ध, संपृक्त वाफेसाठी खरे आहे. भांड्यात हवा अडकून राहिली तर दाबाचा काही वाटा त्या हवेचा असतो, आणि तापमान ठरते ते फक्त वाफेच्या वाट्यावरून. सूक्ष्मजीवशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत यासाठी एक कोष्टक दिलेले असते: १५ पौंड दाबाला सगळी हवा काढली असेल तर १२१ अंश, दोन-तृतीयांश हवा काढली असेल तर ११५, निम्मी काढली असेल तर ११२ आणि हवा मुळीच काढली नसेल तर अवघे १००. म्हणजे मापकावरील आकडा तोच राहूनही आत साध्या उकळण्यापलीकडे काही घडत नसेल, हे शक्य आहे.

शिवाय हवा काही आपण होऊन निघून जात नाही. त्याच तापमानाची वाफ हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे हवा तळाशी आणि भांड्यांच्या आत रेंगाळते. मोठ्या आडव्या ऑटोक्लेव्हमध्ये हवा बाहेर काढण्याची वाट याच कारणाने खालच्या बाजूला ठेवलेली असते. कुकरची नळी वर असल्याने वाफेच्या जोरदार प्रवाहात मिसळून हवा वाहून जाईपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नाही.

वाफेचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. वाफ थंड पृष्ठभागावर पाणी होऊन बसते तेव्हा दर किलोमागे सुमारे २,२०० किलोज्यूल उष्णता तेथे सोडते, आणि ओलसर अवस्थेत प्रथिने कोरड्यापेक्षा कितीतरी कमी तापमानाला साखळतात. कोरड्या भट्टीत काचसामान निर्जंतुक करायचे तर १६० अंशांवर दोन तास ठेवावे लागते. ओल्या वाफेला १२१ अंशांवर १५ मिनिटे पुरतात.

आता आपल्या गावाविषयी. आपल्याकडील कुकरचे वजन बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतक्या अधिक दाबाला उचलले जाते, जो १५ पौंडांच्या अगदी जवळ आहे. परंतु तो अधिकचा दाब असतो, आणि त्याखाली बाहेरचा वातावरणीय दाब मिळवावा लागतो. मुंबईत समुद्रसपाटीला बेरीज सुमारे १९९ किलोपास्कल होते आणि तापमान १२० अंश मिळते. पुण्यात, सुमारे ५६० मीटर उंचीवर, ते ११९ च्या आसपास येते. पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंच असल्याने तेथे पाणी ९६ अंशांच्या जवळपास उकळते आणि कुकरच्या आत ११८ अंशांहून किंचित कमी तापमान मिळते. तीन अंशांचा हा फरक क्षुल्लक वाटेल, पण उष्णतेला चिवट असलेल्या बीजाणूंच्या (काही जीवाणूंच्या जाड आवरणाच्या सुप्त पेशींच्या) बाबतीत तापमान १० अंशांनी उतरले की तेवढेच बीजाणू मरायला साधारण दहापट वेळ लागतो. त्या हिशेबाने तीन अंशांना वेळ दुप्पट होते. त्यामुळे आपल्याकडे १५ नव्हे, तर ३५ मिनिटे धरावीत. फ्लास्क अर्धा लिटरचे असतील तर ते मध्यभागापर्यंत तापायला आणखी दहा मिनिटे द्यावीत. वेळ वाढली तशी वाफही अधिक जाणार, तेव्हा तळाचे पाणी त्या मानाने घ्यावे. कुकर कोरडा पडू देऊ नये.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : सह्यकडा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. उंचीचा हिशेब माझ्या ध्यानातही आला नव्हता, आणि तो मुलांकडून फळ्यावर करून घेता येईल. उकळण्याचा प्रश्न मात्र अजून राहिला आहे. दूध उकळले की टिकते, पाणी उकळले की पिण्याजोगे होते, हे मुलांनी घरी पाहिलेले असते. मग माध्यमालाच ते का पुरत नाही? आणि कुकरने आपले काम केले की नाही, हे ताडून पाहण्याचा शाळेत जमण्यासारखा काही मार्ग आहे का?

उत्तर : पेंढ्यातला_बॅसिलस

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच प्रयोगात मिळते, आणि त्याला मोठा इतिहास आहे.

उकळण्याने वाढीच्या अवस्थेतील बहुतेक सर्व जीवाणू मरतात, म्हणून ते पाणी पिण्याजोगे होते. परंतु बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम या गटांतील जीवाणू प्रतिकूल काळात बीजाणू बनवतात: पेशीच्या आत दुसरी, जाड आवरणांची, जवळजवळ पाणी नसलेली पेशी, जिच्यातले सगळे व्यवहार थांबलेले असतात. असे बीजाणू उकळत्या पाण्यात तासभरही तग धरू शकतात. जीवाणुशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी १८७६ मध्ये गवताच्या काढ्यातील बॅसिलस सटिलिसच्या बीजाणूंचे वर्णन केले. त्याच सुमारास लंडनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांना असा अनुभव येत होता, की आदल्या वर्षी काही मिनिटे उकळून स्वच्छ राहणारे काढे आता कितीही उकळले तरी गढूळ होत होते; प्रयोगशाळेत आणलेल्या जुन्या वाळक्या गवतावरील बीजाणू सर्वत्र पसरले होते. त्यांनी १८७७ मध्ये सुचवलेला उपाय मला आजही फार सुंदर वाटतो. काढा थोडा वेळ उकळावा, एक दिवस तसाच ठेवावा, म्हणजे वाचलेले बीजाणू रुजून नाजूक जीवाणू होतील. मग पुन्हा उकळावा आणि तिसऱ्या दिवशी आणखी एकदा. मात्र बीजाणू रुजायला अन्न लागते, म्हणून ही पद्धत पोषक द्रावणात चालते, साध्या पाण्यात नाही. पुढे दोनच वर्षांनी, १८७९ मध्ये, पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी ऑटोक्लेव्ह तयार केला. त्याचे मूळ मात्र द्यनी पापँ यांच्या १६७९ च्या हाडे मऊ करणाऱ्या वाफपात्रात, म्हणजे कुकरच्याच पूर्वजात आहे. त्यामुळे कुकरला ऑटोक्लेव्हची गरीब नक्कल मानण्याचे कारण नाही.

आता प्रयोग. आपल्या भागात भाताचा पेंढा मिळेल. मूठभर पेंढा बारीक कापून लिटरभर पाण्यात थोडा वेळ शिजवावा आणि काढा गाळून एकसारख्या सहा बाटल्यांत घालावा. सर्वांना कापसाचे बोळे लावावेत. दोन बाटल्या तशाच ठेवाव्यात, दोन अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवाव्यात आणि दोन वर सांगितल्याप्रमाणे कुकरमधून काढाव्यात. त्यानंतर सर्व बाटल्या वर्गात उबदार जागी शेजारी शेजारी ठेवाव्यात. दोन-तीन दिवसांत तशाच ठेवलेल्या बाटल्या गढूळ होतील. उकळलेल्याही बहुधा गढूळ होतील आणि त्यांच्यावर अनेकदा सुरकुतलेली साय धरेल. कुकरमधील बाटल्या आठवडाभर नितळ राहिल्या तर कुकर आपले काम करतो आहे. प्रयोगशाळांमध्येही ऑटोक्लेव्हची खरी परीक्षा अशीच घेतात: जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या अत्यंत चिवट जीवाणूचे बीजाणू आत ठेवतात आणि नंतर ५५ ते ६० अंशांवर ते उगवतात का हे पाहतात. पट्टे काळे पडणारी चिकटपट्टी बाजारात मिळते, परंतु वस्तू उष्णतेतून गेली एवढेच ती सांगते, आतले सर्व मेले असे नाही.

मुलांना घरचे उदाहरण हवे असेल तर शिजलेल्या भाताचे द्यावे. बॅसिलस सिरियसचे बीजाणू भात शिजताना मरत नाहीत, आणि भात रात्रभर बाहेर राहिला तर ते रुजून वाढतात. त्यांच्यातील काही जाती उलट्या घडवणारे जे विष तयार करतात ते पुन्हा तापवल्याने नष्ट होत नाही. १२१ अंशांनाही ते टिकते. म्हणून उरलेला भात लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवायचा असतो.

उत्तर : परळ_निवासी

बीजाणूंचा विषय निघाला आहे म्हणून एक घटना जोडतो, जी आमच्या परळशी निगडित आहे. जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये तिचे उत्पादन होऊ लागले. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावात १०७ जणांना ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले. पुढे असे पुढे आले की बूच काढण्याचा चिमटा त्या दिवशी जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीत न तापवता केवळ कार्बोलिक ॲसिडच्या द्रावणात बुडवून वापरला गेला. धनुर्वाताचे जीवाणू मातीत बीजाणूंच्या रूपाने असतात, आणि कार्बोलिकमध्ये अशी घाईची बुडवणी त्यांना मारत नाही. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली. त्यांच्यावर झालेला अन्याय मोठा होता, असे मला वाटते. १९२५ मध्ये त्याच संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

आपल्या वर्गासाठी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. कुकरने माध्यम उत्तम निर्जंतुक केले तरी पुढच्या हाताळणीत चूक झाली तर सगळे व्यर्थ जाते. तेव्हा लूप (जीवाणू उचलण्याची तारेची कडी) किंवा चिमटा प्रत्येक वेळी लाल होईपर्यंत तापवावा, डिशचे झाकण क्षणभरच आणि तिरके उचलावे, आणि एक डिश मुळीच न उघडता तुलनेसाठी ठेवावी. तिच्यावर काही उगवले तर बाकीच्यांचे निष्कर्ष मानू नयेत.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. बोटांचे ठसे घेतल्यावर झाकण चिकटपट्टीने दोन-तीन ठिकाणी जोडावे आणि डिश वर्गाच्या तापमानाला ठेवावी. ३७ अंश मुद्दाम देऊ नयेत, कारण ते माणसाच्या शरीरात वाढणाऱ्या जीवाणूंना मानवते. वसाहती झाकणाबाहेरूनच पाहाव्यात, सूक्ष्मदर्शकासाठी मुलांनी डिश उघडू नये. त्या कामाला विरजणाच्या दह्याचा पातळ थर घ्यावा. निरीक्षण संपल्यावर काचेच्या डिश न उघडता, त्याच कुकरमध्ये, हवा काढून आणि पूर्ण ४५ मिनिटे देऊन, मग धुवाव्यात. प्लॅस्टिकच्या डिश कुकरमध्ये वितळतात, म्हणून आपण काचेच्या घेतल्या आहेत हे उत्तम झाले.