समुद्र खवळलेला असेल तर ओपन वॉटरच्या उरलेल्या डाइव्ह कुठे कराव्यात?

गटांगळी_पुणे:
नमस्कार मंडळी, माझा स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर (पहिल्या पायरीचा) कोर्स अर्धवट लटकलाय. पूलमधली पाचही सेशन पुण्यात उरकली, २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं पण झालं, मग दिवाळीच्या सुट्टीत समुद्रातल्या चार डाइव्हसाठी मालवणला गेलो. पहिल्या दिवशी दोन झाल्या आणि दुसऱ्या दिवशी सगळं बंद, का तर म्हणे लांब अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा आहे. गंमत म्हणजे वारा अजिबात नव्हता, ऊन कडक, किनाऱ्यावरून पाणी बऱ्यापैकी सपाट दिसत होतं. पण आदल्या दिवशीच दुसऱ्या डाइव्हला पाच-सहा मीटरवर मास्क क्लिअर करायला (आत शिरलेलं पाणी बाहेर काढायला) गुडघ्यावर बसलो तर दोन फूट पुढे दोन फूट मागे, झोपाळ्यात बसल्यासारखं, आणि व्हिजिबिलिटी अशी की इन्स्ट्रक्टरचा हात दिसायचा, चेहरा नाही. सेंटरवाल्यांनी "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणून बोळवण केली. आता मला इतकंच सांगा की अशा वेळी आडोशाची जागा कुठली? देवबागला कर्लीची खाडी तर तळ्यासारखी शांत दिसत होती, तिथे का नाही नेत?

दांडीवालो:
खाडीत? नको रे बाबा! मी मालवणचोच, माका इचार. बरं आता सरळ मराठीत लिहितो नायतर पुण्याक कळूचा नाय. खाडी वरून शांत दिसते पण ओहोटी लागली की तोंडाशी पाणी असं ओढतं की नवशिक्याला फिन मारून जागेवर राहता येत नाही. खाली सगळा चिखल, त्यात बोटींची ये-जा चालूच. आडोसा म्हणशील तर सिंधुदुर्ग किल्ल्याची किनाऱ्याकडची बाजू, पश्चिमेची लाट किल्ला आणि आजूबाजूचे खडक बरीचशी अडवतात. पण दोन गोष्टी बघायच्या. एक, सकाळी लवकर उतरायचं, दुपारनंतर वारा उठतो आणि पाणी खळबळतं. दुसरं, तिथी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जास्त पळतं आणि तळाचं सगळं वर येतं, त्यापेक्षा सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी कमी, तेव्हा या. आमचे म्हातारे जाळं टाकायला हेच बघायचे, त्यांना कुठलं ॲप होतं! आणि पाऊस नुकताच संपलाय, नद्यांचं गढूळ पाणी अजून बसायचंय, डिसेंबरनंतर बघा फरक.

निवांत_माणूस:
एवढं कशाला, खडकवासल्यात करा की, दुपारी घरी जेवायला परत 😄

खोलपाणी:
निवांतराव, हसत लिहिलंय पण लोक खरंच विचारतात म्हणून सांगतो. धरणात परवानगीशिवाय उतरता येत नाही, खाली गाळ आणि जुनी झाडंझुडपं असतात, दिसत काहीच नाही. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, ३०० मीटरच्या वर गेलं की ती अल्टिट्यूड डाइव्ह धरतात आणि किती खोल किती वेळ राहायचं हा टेबल-कॉम्प्युटरचा हिशेब बदलतो. आणि पाणी भरलेल्या सोडलेल्या दगडखाणी असतात ना, तिथे तर अजिबातच नको. इंग्लंडात स्टोनी कोव्हसारख्या जुन्या दगडखाणीत वर्षभर ट्रेनिंग चालतं खरं, पण ते डायव्हिंगसाठी नीट चालवलेलं ठिकाण आहे, कडेला उभं राहून मारलेली उडी नाही.

आता गटांगळीभाऊंचा झोपाळा. वाऱ्यापासून आडोसा आणि स्वेलपासून (लांबून आलेल्या लाटेपासून) आडोसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्हाला फक्त पहिला मिळाला होता. लाटेची हालचाल साधारण तिच्या लांबीच्या अर्ध्या खोलीपर्यंत पोचते. जवळच्या वाऱ्याने उठलेली ५ सेकंदांची (एका लाटेनंतर दुसरी यायला लागणारा वेळ, म्हणजे पिरियड) लाट खोल समुद्रात जेमतेम ४० मीटर लांब, म्हणजे २० मीटरखाली सगळं शांत. पण शेकडो किलोमीटरवरच्या वादळातून आलेली १४ सेकंदांची लाट ३०० मीटर लांब असते, ती वरून नुसती फुगल्यासारखी दिसते आणि खाली तळापर्यंत सगळं हलवते, शिवाय किल्ला असो नाहीतर बेट, त्याला वळसा घालून मागच्या बाजूलाही थोडी येतेच. म्हणून लाटेची उंची बघून समाधान मानू नका. हैदराबादच्या इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) अंदाज रोज येतो, त्यात पिरियड बघा. उंची एकच मीटर पण पिरियड १३-१४ असेल तर मी विद्यार्थ्यांना नेत नाही, लोक चिडतात, चिडू देत.

गोव्याला ग्रांदे बेटाभोवती बोट हव्या त्या बाजूला नेता येते हा मोठा फायदा. तिथे एका साइटचं नावच शेल्टर कोव्ह आहे आणि दुसरीचं सर्ज सिटी (सर्ज म्हणजे तुमचा तो झोपाळाच), कुठे शिकायचं ते नावातच आलं 😀 नेत्राणीला पाणी या दोन्हींपेक्षा स्वच्छ पण ते मुरुडेश्वरपासून बरंच आत उघड्या समुद्रात, हवा बिघडली की बोटच सुटत नाही, तेव्हा कोर्स पुरा करायला त्याच्या भरवशावर सुट्टी टाकू नका.

आणि मुळात त्याच सेंटरला चिकटून बसायची गरज नाही. रेफरल फॉर्म (झालेल्या भागाची नोंद) मागून घ्या, पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा असेल तर १२ महिने चालतो, उरलेल्या दोन डाइव्ह दुसरीकडच्या इन्स्ट्रक्टरकडे करता येतात.

समिधा_चेन्नई:
रेफरल घेऊन मी हेच केलं होतं. पावसाळ्यात आपली पश्चिम किनारपट्टी पूर्ण बंद पण जुलै-ऑगस्टमध्ये पुदुच्चेरीला वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, त्यामुळे समुद्र बराच बरा मिळतो. ऑक्टोबर ते डिसेंबर मात्र उलटं, ईशान्य मान्सून थेट तोंडावर, तेव्हा तिकडे फिरकू नका. सुट्टी मोठी असेल तर जानेवारीनंतर सरळ अंदमान गाठा. हॅवलॉकला बीच नंबर दोनवर नेमो रीफ आहे, किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं, खाली वाळूत बसून स्किल्स करायची. मला मास्क काढायची इतकी भीती होती, तिथे दहा मिनिटांत झालं कारण समोरचा माणूस दिसत होता!!

गटांगळी_पुणे:
सगळ्यांचे आभार, पिरियडचं आज पहिल्यांदा कळलं. फेब्रुवारीत हॅवलॉक बघतो, नाहीच जमलं तर अष्टमी बघून मालवण 😄

खोलपाणी:
मालवणच ठरलं तर एक राहिलं. शेवटची डाइव्ह करून त्याच संध्याकाळी गाडी काढून आंबोली चढू नका. घाटमाथा साधारण ६९० मीटर आहे, आणि डाइव्हनंतर अंगात नायट्रोजन शिल्लक असताना उंचीवर जाणं धोक्याचं. एकाहून जास्त डाइव्ह झाल्या असतील तर विमानासाठी जे निदान १८ तास थांबायला सांगतात, तेच घाटालाही धरा.

गटांगळी_पुणे:
बाप रे. मागच्या वेळी दुपारी तीनला पाण्याबाहेर आलो आणि दुसऱ्या दिवशी अकराला निघालो, म्हणजे वीस तास. ते पण समुद्र बंद होता म्हणून रात्री राहिलो, नाहीतर त्या दुसऱ्या दिवशी डाइव्ह करून लगेच निघायचा प्लॅन होता.