पोरांची फी बापानं का भरायची म्हणे!

कृष्णाकाठ (सांगली): काल इथं एका सातारकरानं लिहिलं, 'मूल अठराचं झालं की आईबापांनी हात झटकावेत, कॉलेजची फी त्याची त्यानं बघावी, कर्मवीरांच्या साताऱ्यात पोरं कमवून शिकली.' रात्रभर डोक्यात तेच. अहो, 1924 ला भाऊरावांनी बोर्डिंग काढलं तेव्हा पोरं राबली, खरंय. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा दिलं, तेव्हा ताटात भाकरी पडली. म्हणजे थोरामोठ्यांनी पदरचं घातलंच ना? आज खासगी इंजिनिअरिंगची वर्षाची फी लाखाच्या घरात. विश्रामबागेत हॉटेलातली ताटं उचलून ती जमते का, हिशेब करून दाखवा.

कंदी पेढा (सातारा): ती पोस्ट माझीच. मी पहाटे पेपर टाकून शिवाजी कॉलेजात शिकलो. वडिलांनी एसटीचा पास काढून दिला, बास. आता घरात फी पण पाहिजे आणि बुलेट पण. कर्ज कशासाठी असतं? चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, शिक्षण संपल्यावर वर्षभर हप्ता नाही.

तासगावची लेक: दादा, बँकेची पायरी चढलाय का कधी? 2014 ला बी.फार्मसाठी मी गेले होते. साहेबांचा पहिला प्रश्न, सातबारा आणलाय का? आणि कर्जावर सही लागते बापाचीच. मग हात झटकले कुठं?

द्राक्षबाग: फीचं काय घेऊन बसलाय. माझा पोरगा बी.ए. झाला आणि पाच वर्षं सदाशिव पेठेत एमपीएससी करतोय. खोली, मेस, अभ्यासिका. बेदाण्याची पट्टी आली की तिकडंच. दर साली ऐकायचं, 'थोडक्यात गेली.'

पेठेतला: काका, एप्रिल 2020 ची पूर्वपरीक्षा मार्च 2021 पर्यंत लोंबकळली. 14 मार्चचा पेपर, 11 तारखेला पुढं ढकलला. रस्त्यावर बसलो होतो आम्ही. घरी फोन करायची लाज वाटायची, पैसे मागायलाच केल्यासारखा वाटायचा.

द्राक्षबाग: ढकलला, मान्य. पण छाटणीला तरी यायचं होतं की चार दिवस! मजूर मिळता मिळत नाही.

पेठेतला: आलो असतो तर गावभर झालं असतं, अभ्यास सोडून हिंडतोय. माझ्या बापानं तसं बोलूनही दाखवलंय.

द्राक्षबाग: तुझ्या बापाचं मला सांगू नकोस.

तासगावची लेक: पोराला पाच वर्षं पेठ! मला म्हणाले, पैसे नाहीत, बी.एस्सी. कर. पुढच्याच वर्षी माझ्या लग्नात हजार पानं उठली. ते पैसे कुठल्या झाडाला लागले होते?

कंदी पेढा: ताई, आता मुलींना माफ आहे. 2024 पासून, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलं की व्यावसायिक कोर्सची फी नाही.

तासगावची लेक: सरसकट नाही ते, ईडब्ल्यूएस, ओबीसी, मराठा आरक्षणातल्यांना. आणि खोली-मेसचं काय? माझं वय माघारी आणून देतंय का सरकार?

कृष्णाकाठ: पेढेवाले, आता गप्प का?

कंदी पेढा: गप्प नाही, दुकानात गिऱ्हाईक होतं. बरं, खोलीचं भाडं मी भरतो. तुमच्यासाठी नव्हे, पोरगी कऱ्हाडला एकटी राहणार म्हणून. बुलेटचं मात्र नाव काढायचं नाही.

कृष्णाकाठ: म्हणजे बुलेट पोरीला पाहिजे?

कंदी पेढा: व्हय.

तासगावची लेक: घेऊन टाका. हजार पानांपेक्षा स्वस्तात पडेल.