बहिणीले दहावीनंतर फाउंडेशनले टाकू का? नातेवाईक म्हणतात वर्ष वाया जाईन

दारव्हेकर:
नमस्कार सगळ्यांना. दारव्हा तालुक्यात आमचं गाव, चार एकर कोरडवाहू, कापूस न् तूर. लहान बहीण यंदा दहावी पास झाली, 78 टक्के, त्यात इंटरमिजिएटच्या सरकारी चित्रकला परीक्षेले ए ग्रेड होता त्याचे 7 मार्क वाढून भेटले. तिच्या ड्रॉइंगच्या मॅडम म्हणतात की हिले आर्टच्या फाउंडेशन कोर्सले टाका, एक वर्षाचा असते. मामा म्हणतात त्या एक वर्षात काय शिकवतात, मडकेच काढाचे असन तर घरी काढ म्हणा. मले त्यातलं काहीच समजत नाही, मी आयटीआयवाला. पण तिचा हात मी पाहिला आहे. मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद शेकत होतो, बैलाच्या खांद्यावर हळद-लोणी चोळलं तर ते ओलं चमकते ना, ही बाजूले बसून कंपासमधल्या साध्या पेन्सिलीनं तेच काढत होती, रंग नाही काही नाही, न् कागदावरही ते ओलंच दिसत होतं. तेव्हापासून माह्या डोक्यात आहे की हिले शिकवाचं. आता फाउंडेशन कराचं की अकरावीले टाकाचं, कोणी केलं असन तर खरं सांगा.

हिंगणघाटचा पोट्टा:
भाऊ, मी दहावीवरच केलं होतं फाउंडेशन, म्हणून सांगतो. वर्ष वाया जात नाही हे पहिले मामाले सांगा. पहिले दोन-तीन महिने आमाले रंगच लावू दिला नाही. एक लाकडी खुर्ची टेबलावर ठेवली न् सर म्हणे खुर्ची काढू नका, खुर्चीच्या पायाच्या मधात जी मोकळी जागा दिसते तेवढीच काढा. आम्ही बावचळलो. पण त्या जागा बरोबर आल्या की खुर्ची आपोआप बरोबर येते, हे तिसऱ्या दिवशी समजलं न् त्या दिवसापासून माह्या पाहण्यातच फरक पडला, आजही एसटीत बसलो तर दोन माणसाच्या मधातली जागा पाहतो. मग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटांच्या पट्ट्या, टूडी डिझाइन, थ्रीडी म्हणजे माती न् पुठ्ठा, हातानं लेटरिंग, बाहेर बसून झाडं. मले पेंटिंगच कराचं होतं, घरूनच ठरवून गेलतो. वर्षाच्या शेवटी समजलं की माहा जीव अक्षरात आहे, म्हणून अप्लाइड आर्टले, म्हणजे जाहिराती न् अक्षराच्या लायनीले गेलो. त्या वर्षाचा खरा फायदा हाच, कोणत्या लायनीत जाचं ते हातानं करून समजते.

पण दोन गोष्टी. एक, फाउंडेशनवर पुढं जीडी आर्ट केलं तर तो डिप्लोमा आहे, फाउंडेशन धरून पाच वर्ष. अन् मी बारावी केली नाही ते मले लय नडलं, डिग्रीले जाचं म्हटलं तर पहिला प्रश्न बारावीचाच. दुसरं म्हणजे कॉलेजले मान्यता आहे का ते सरकारच्या कला संचालनालयाकडून पाहूनच पैसे भरा. माह्या सोबतच्या एकानं एका खासगी कॉलेजात वर्षभराची फी भरली न् परीक्षेच्या वेळी समजलं की मान्यताच नाही. त्याच्या बापानं त्यासाठी बैलजोडी विकली होती. हे मी कोणाले घाबरवाले नाही सांगत, पण पाहूनच घ्या.

कलाशिक्षक, चिखली:
वरच्यांचं सगळं बरोबर आहे, तरी माझं मत वेगळं. मुलगी 78 टक्क्यांची आहे तर तिची बारावी अजिबात सोडू नका. बीएफए, म्हणजे कलेची डिग्री, चार वर्षांचं, त्याला बारावी लागतेच आणि सरकारी कॉलेजला जायचं तर एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचे प्रॅक्टिकल पेपर आणि सामान्य ज्ञान. म्हणजे इंटरमिजिएटला तिनं जे केलं त्याचाच पुढचा टप्पा. बीएफएच्या पहिल्या वर्षात तोच पाया पुन्हा घालून घेतात, खुर्चीच्या मधली जागा तिथंही काढावीच लागते. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या संस्थेत सुद्धा बी.डेसचं, म्हणजे डिझाइनच्या डिग्रीचं, पहिलं वर्ष फाउंडेशनच असतं आणि तिथं बारावी कोणत्याही शाखेची चालते, फक्त डॅट नावाची परीक्षा दोन टप्प्यांत द्यावी लागते. तेव्हा फाउंडेशन चुकत नाही, फक्त दोन वर्षं उशिरा येतं आणि डिग्रीच्या आत येतं.

ही दोन वर्षं घरी कशी वापरायची ते सांगतो, कारण खरी गोष्ट ती आहे. हे पायाचं वर्ष आलं जर्मनीतल्या बाउहाउस शाळेतून, 1919 ला वायमार गावी निघालेली. तिथं योझेफ अल्बर्स नावाचे शिक्षक पोरांना नुसती रद्दी वर्तमानपत्रं द्यायचे आणि म्हणायचे, याचं काहीतरी करा, पण कागद वाया घालवू नका. कागद कापला, दुमडला की आपल्या जोरावर उभा राहतो का, हे बघायचं. मी आठवीच्या पोरांकडून करून घेतो. एका पोरानं नुसत्या घड्या घालून असा पूल केला की त्यावर डस्टर ठेवलं तरी बसला नाही. खर्च शून्य. तुमच्या बहिणीला दर रविवारी हे द्या आणि रोज एक वस्तू समोर ठेवून काढू द्या, विळा, सूप, पाट्याचा वरवंटा, काहीही. फोटो पाहून काढू देऊ नका, ही सवय लागली की मोडत नाही.

आरमोरीची ताई:
दादा मी बारावी करून नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात गेले, आमच्या घरून पहिलीच मुलगी बाहेर शिकायला. पैशाचं सांगते. सरकारीत फी फार मोठी नव्हती, मटेरियलनं कंबरडं मोडते, कागद, पोस्टर कलर, ब्रश, बोर्ड, दर महिन्याला काहीतरी लागतेच, म्हणून घरच्यांनी फीपेक्षा मटेरियलचे पैसे बाजूला ठेवावे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागत असेल तर नॉन क्रीमीलेअर, आत्ताच काढून ठेवा, ऐन वेळी तहसीलले चकरा मारताना महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायची तारीख निघून जाते, माझ्या रूममेटची गेली होती. समाजकल्याणच्या वसतिगृहाचा फॉर्मही लागलीच भरा. आणि तिच्या मॅडमला तोडू नका, सीईटीच्या वेळी मला माझ्याच सरांनी शाळा सुटल्यावर तयारी करून दिली, एक रुपया घेतला नाही.

दारव्हेकर:
सगळ्यांचे लय लय धन्यवाद. रात्री मायले न् बाबाले वाचून दाखवलं, बैलजोडीच्या ओळीवर बाबा थांबले न् मग म्हणे अकरावी आर्ट्सले टाक, दारव्ह्यातच, न् चित्र सुटलं नाही पाहिजे. म्हणजे बारावी न् मग सीईटी. बहीण दोन दिवस नाराज होती, तिले आत्ताच नागपूरले जाचं होतं. आज सकाळी वर्तमानपत्र घेऊन वट्ट्यावर बसली, तिच्या घड्या उभ्या राहून नाही रायल्या अजून. सर, एक विचाराचं होतं, यवतमाळले जाऊन रायलो परवा, ड्रॉइंग बोर्ड केवढा आणू?

कलाशिक्षक, चिखली:
हाफ इंपिरियल. 15 बाय 22 इंचाचा कागद बसून चारी बाजूनं थोडी जागा उरली पाहिजे. दोन क्लिपा घ्या, पेन्सिली 2बी, 4बी, 6बी. रंग सध्या नको. घड्या उभ्या राहत नसतील तर कागद आडवा न धरता उभा दुमडून बघा म्हणा.