मदत हवी आहे: भावंडांतलं देणं-घेणं थांबवायचंय, पण हक्कसोड नुकतीच झाली आहे

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं भावंडं. अक्का कोल्हापुरात, धाकटी खानापूर तालुक्यात एकत्र कुटुंबात, मी मधला. बेळगावात वडगावला आईसोबत वडिलांच्या घरात राहतो.

अक्कानं परवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, "ह्या पंचमीपासून साड्या-बिड्या बंद. येणं-जाणं तेवढं चालू ठेवूया." तिचं म्हणणं मला पटतंय. आमच्याकडे नागपंचमीला बहिणी माहेरी येतात, मग दहा दिवसांत राखी, पुढं गौरी-गणपती, दिवाळी. मी साडी दिली की अक्का माझ्या पोरांना त्याहून भारी कपडे आणते, मग भाऊबीजेला आमचा आकडा चढतो. कुणालाच काही लागत नसतं. शहापुरातून धाकटीला घेतलेली साडी फिरत फिरत एका बारशात माझ्याच बायकोच्या ओटीत आली. आम्ही हसलो, पण पैसे माझेच होते की.

अडचण वेगळीच आहे. मागच्या वर्षी दोघींनी घराच्या हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. वडील गेल्यावर दोघींचा वाटा माझ्याइतकाच होता, तरी एक रुपया घेतला नाही. सबरजिस्ट्रार ऑफिसात कन्नड कागद रायटरनं मराठीत समजावून सांगितला, अक्कानं पेन घेतलं, झालं. आणि आता लगेच साडी बंद? गल्लीत काय बोलतील ते मला ऐकू यायला लागलंय. बंद करूया म्हटलं अक्कानं, पण नाव माझंच येणार. आईनं तर "मी जिवंत असेपर्यंत नाही" म्हणून विषयच संपवला.

धाकटीनं ग्रुपवर नुसता अंगठा टाकलाय. तिच्या मनात काय आहे ते कसं काढून घ्यावं? आणि असं थांबवलेलं कुणी आहे का इथं?

प्रतिसाद १
कागदाच्या बाजूनं बोलतो. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र साडीवर अवलंबून नसतं. दिली म्हणून पक्कं होत नाही, थांबवली म्हणून मोडत नाही. पण तुमच्या मनाला ते लागलंय असं दिसतंय. तसं असेल तर दर वर्षीच्या तीन हजारांच्या साडीनं ते फिटणार नाही. ऐपत असेल तर बहिणींच्या नावावर काही ठेव करा, नाहीतर पोरांच्या शिक्षणाला हातभार लावा. तो विषय वेगळा बोला. दोन्ही एकत्र केलंत तर गोंधळ वाढेल.

प्रतिसाद २
मी निपाणीची, चार भावांची बहीण. तुमच्या अक्काला बंद करणं सोपं आहे हो, ती कोल्हापुरात स्वतंत्र राहत असेल. धाकटी एकत्र कुटुंबात आहे. माहेरून परत गेली की सासू आणि जावा पिशवीकडं बघतात. तोंडानं कुणी विचारत नाही, पण बघतात. म्हणून अंगठा. तिला ग्रुपवर विचारू नका, घरी फोनही नको, शेजारी कोणीतरी असतंच. समोर भेटा.
आमच्यात भावांनी साड्या थांबवल्या, पण पंचमीला खण-नारळ, तांदूळ आणि शेंगदाण्याचे लाडू ठेवले. सासरी दाखवायला ओटी होते, खर्च काही नाही. पोरांना द्यायचं तर दहावीपर्यंत वह्या-पुस्तकं, बास.

प्रतिसाद ३
तुमच्या अक्काला लाडकी बहीणचे पैसे येत असतील, धाकटीला कर्नाटकच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार. दोन्ही सरकारं ओवाळणी घालतात, भाऊ कशाला पाहिजे! (गंमत हां. पण वहिनींना विचारलंत का? दरवेळी दुकानात उभ्या त्याच राहतात ना?)

मूळ लेखक
सगळ्यांचे आभार. प्रतिसाद ३, बायकोला विचारलं. "मला काय, मी उद्या बंद करते" म्हणाली, पण आईसमोर तसं बोलणार नाही म्हणे.

रविवारी खानापूरला जाऊन आलो, धाकटीला बाजारात गाठलं. निपाणीच्या ताई, तुमचं अगदी बरोबर निघालं, पिशवीचीच गोष्ट. साडी नको म्हणाली, ती नेसते कुठं. पण आणखी एक सांगितलं जे माझ्या डोक्यातच नव्हतं. शक्ती योजनेत बसचं तिकीट फुकट झाल्यापासून आम्ही तिला न्यायला जाणंच सोडलं होतं. येते की ती आपली आपण, असं. तिच्या जावांचे भाऊ अजून मुराळी म्हणून दारात येतात आणि ही एकटी पिशवी घेऊन स्टँडवर जाते. सह्यांचं विचारलं तर म्हणाली, "ते मी खुशीनं केलंय, त्याचं नाव परत काढू नको."

तर पंचमीच्या आदल्या दिवशी मी न्यायला जाणार. ओटी खण-नारळाची, साडी नाही. आईला अक्का सांगणार, कारण मी सांगितलं तर भांडण. भाऊबीजेचं अजून अडलंय: अक्का म्हणते ताटात एकशे एक, आई म्हणते साडी हवीच. आणि ठेवीचा सल्ला पटलाय, पण तो दोघींपुढं कसा काढायचा ते कळत नाही. धाकटी तर नावच काढू नको म्हणते. कुणी केलं असेल तर कसं बोललात ते सांगा.