ईईजी नॉर्मल, तरी फिटची गोळी चालू. मदत हवी आहे

भाची, वय १४. काही महिन्यांच्या अंतराने दोनदा फिट आली, दोन्ही वेळा सकाळी उठल्या उठल्या. दादरला साधा ईईजी (डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद) काढला, नॉर्मल आला. तरी गोळी सुरू केली आणि झोपमोड करून पुन्हा ईईजी सांगितलाय. गोळी कशाला? दुसऱ्यांदा वेगळं काय दिसणार?

प्रतिसाद १
नॉर्मल ईईजी म्हणजे अपस्मार (वारंवार फिट येण्याचा आजार) नाही, असं होत नाही. साधा ईईजी २०-३० मिनिटांचा. तेवढ्यात स्पाइक (फिटकडे कल दाखवणारी टोकदार लहर) आला तरच दिसणार. अपस्मार असलेल्या जवळपास निम्म्या लोकांचा पहिला ईईजी कोराच येतो. उलट फिट कधीच न आलेल्या काही मुलांत स्पाइक दिसतात. म्हणून निदान आधी हकिगतीवर: ताप, साखर घसरणं असं कारण नसताना २४ तासांहून जास्त अंतराने दोन फिट आल्या तर गोळी सुरू करणं रास्तच.

सकाळी हातातला ब्रश किंवा कप झटक्याने उडतो का, हे तिला विचारा आणि डॉक्टरांना सांगा. पालक याला धांदरटपणा समजतात! असे झटके असतील तर औषधाची निवड बदलते. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन या फिटच्याच गोळ्यांनी हे झटके वाढू शकतात.

प्रतिसाद २
तयारी: आदल्या दिवशी शाम्पूने केस धुवा, तेल-कंडिशनर नको. तेलकट डोक्यावर तारा चिकटवायची पेस्ट नीट बसत नाही, विजेला होणारा रोध ५ किलोओहमच्या वर जातो आणि ५० हर्ट्झची विजेची गुरगुर पट्टीभर उमटते. केस पूर्ण वाळवून न्या. घामानेही रेषा लाटेसारखी वरखाली होते, मुंबईत हा त्रास कायमचा; एसी खोली आहे ना, विचारून घ्या.

किती तास जागवायचं ते लॅब सांगेल. लोकलमध्ये डुलकी लागू देऊ नका, तिथेच सगळं वाया जातं. झोप लागताना आणि जाग येताना स्पाइक जास्त सापडतात, ती झोप टेबलावर हवी. उपाशी नेऊ नका: तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, साखर कमी असली तर लहरी उगाच मंदावतात. मग चमकता दिवा दाखवतात. त्याने फिट येऊ शकते, पण तंत्रज्ञ समोरच असतो.

धागाकर्ता
त्या दिवशी गोळी द्यायची का?

प्रतिसाद २
हो, डॉक्टरांनी थांबवायला सांगितलं नसेल तर नेहमीच्या वेळी. आणि पुन्हा फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, दुसऱ्या कुणाला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.