जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डचं ऑइल इंजेक्शन: काढावं की ठेवावं?

मचवा: माझं मत सरळ आहे. वीस-पंचवीस वर्षं खाऱ्या हवेत काढलेल्या मशीनवर, म्हणजे होडीमागच्या इंजिनावर, ऑइल इंजेक्शनचा (इंजिनाला ऑइल आपोआप पुरवणाऱ्या पंपाचा) भरवसा ठेवू नये. ते बंद करून 50:1 मिक्सवर (पन्नास भाग पेट्रोलमध्ये एक भाग ऑइल हाताने मिसळून) चालवावं. पंप बिघडला की मशीन लगेच सांगत नाही. आवाज तोच, वेग तोच, आणि मग पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो. इशाऱ्याचा हॉर्न वाजेल म्हणाल, तर त्याच्या वायरींची टोकं आधीच हिरवी पडलेली असतात. मिक्सचा हिशोब सोपा आहे: 20 लिटरला 400 मिली, 25 लिटरला अर्धा लिटर. कॅनमध्ये आधी ऑइल, मग अर्धं पेट्रोल, हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल.

खाडीकाठ: कुठल्या मशीनबद्दल बोलताय ते आधी सांगा. सगळ्यांना एकच औषध चालत नाही. जॉन्सन-एव्हिनरूड कंपनीच्या मशीनवर 1984 पासून आलेला व्हीआरओ हा पेट्रोलचाही पंप आहे आणि ऑइलचाही. यामाहाचा ऑइल पंप क्रँकच्या गिअरवर फिरतो आणि ऑइल थेट मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या वाटेत) सोडतो.

मचवा: बरोबर. व्हीआरओचं काम सोपं आहे. पंप जागेवरच ठेवायचा, तो पेट्रोल खेचत राहतो. पंपाकडे येणारा ऑइलचा होस कापून पंपाच्या बाजूचं तोंड बूच आणि क्लॅम्प लावून बंद करायचं. पंपाचा वायर कनेक्टर सोडवायचा, ऑइलची टाकी काढायची. मात्र हेडवरच्या टेंपरेचर स्विचची फिकट तपकिरी वायर कापू नका. ऑइल आणि गरम होणं, दोन्हींचा इशारा एकाच हॉर्नवर येतो. ऑइलचा आवाज नको म्हणून हॉर्नच काढून टाकणारे आहेत. मग पाण्याचा इम्पेलर (इंजिन थंड ठेवणारं पाणी खेचणारं पातं) गेला तरी कळत नाही.

खाडीकाठ: आणि डायफ्राम? पंप जुनाच राहिला ना. तो फाटला की पेट्रोल पल्स होसमधून (क्रँककेसच्या दाबाने पंप हलवणाऱ्या नळीतून) थेट क्रँककेसमध्ये उतरतं, एक सिलिंडर ओला पडतो, प्लग काळा. पल्स होस काढून बघा, आत पेट्रोल दिसलं तर पंप गेला. म्हणजे इंजेक्शन बंद करूनही दुखणं तिथेच. त्यापेक्षा साधा पेट्रोल पंप बसवा.

देवगड_ओबीएम: यामाहासारख्या गिअरवाल्या पंपाक ह्यो उपाय नाय. ऑइल बंद करून पंप तसोच फिरत ठेवलास तर तो सुको फिरान झिजता. पंप काढूकच व्हयो, आणि भोकावर गॅस्केट घालून पट्टी मारूक व्हयी. मॅनिफोल्डवरची ऑइल येणारी निपलां पण बंद करूक व्हयी.

खाडीकाठ: निपलचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. त्यावर लावलेली रबरी टोपी पेट्रोलच्या वाफेने चिरते, हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि नेमका तोच सिलिंडर तापतो. ऑइल व्यवस्थित मिसळलेलं असूनही पिस्टन जातो, आणि दोष मात्र ऑइलला दिला जातो.

आता माझा खरा विरोध. पेट्रोल पंपावर मिळतं ते ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत कॅन पडून राहिला, झाकणाच्या भोकातून पावसाचं पाणी गेलं, की इथेनॉल पाण्याला धरून तळाशी बसतं. ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. पिकअपची नळी तळाला असते. मशीनला पहिल्यांदा मिळतं ते बिनऑइलचं. इंजेक्शनवाल्या यामाहाला निदान ऑइल वेगळ्या वाटेने मिळत असतं.

मचवा: हा मुद्दा मान्य. पण त्यावर उपाय आहे: बंदीआधी कॅन रिकामा करा, कार्बोरेटरच्या वाट्या सुकवा, नारळी पौर्णिमेला नवं मिक्स बनवा. जुन्या मिक्सचा थोडा भाग काचेच्या बाटलीत ओतून ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर तो कॅन मशीनला लावायचाच नाही.

रापण: हळू चालवणाऱ्यांचं काय? जाळी टाकताना तासन्‌तास कमी आरपीएमवर 50:1 म्हणजे धूर आणि प्लग काळे. इंजेक्शन थ्रॉटलप्रमाणे ऑइल कमी-जास्त करतं.

मचवा: प्लगचा जोड होडीत ठेवा. पिस्टनपेक्षा प्लग स्वस्त.

खाडीकाठ: काढण्याआधी निदान तपासा तरी. ऑइलच्या टाकीवर टेप लावून पातळीची खूण करा. कॅनमध्ये 50:1 मिक्स भरा, म्हणजे पंप बंद असला तरी मशीन सुरक्षित राहतं. 20 लिटर जाळा. धूर जास्त येईल, चालेल. पातळी खाली गेली तर पंप जिवंत आहे. कडक झालेले होस आणि क्लॅम्प बदला, हवा काढा, पारदर्शक नळीत बुडबुडे दिसायचे थांबेपर्यंत मिक्सवरच चालवा. पातळी हललीच नाही, तर मीसुद्धा म्हणेन, काढा.

देवगड_ओबीएम: आणि मोटरसायकलचा टू-टी ऑइल घालू नको. टीसी-डब्ल्यू3च (आउटबोर्डासाठीचा ऑइल) व्हया. पाण्यान थंड होणाऱ्या मशिनीत मोटरसायकलच्या ऑइलाची राख रिंगांत बसता.

रापण: टाकी होडीतच पक्की बसवलेली असेल तर? आत किती पेट्रोल उरलंय ते कळत नाही, ऑइल किती घालणार?

मचवा: तिथे माझाही आग्रह नाही. सुट्या 25 लिटरच्या टाकीवर चालणार असाल तरच काढा.