मदत हवी आहे : रक्तदाब असताना वजन उतरवण्यासाठी बर्फाच्या पाण्यात बसावे का?

नमस्कार. मी परभणीची. माझे थोरले बंधू (वय 48, वजन 96 किलो, सहा वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू) तीन आठवड्यांपासून एक दिवसाआड पहाटे बर्फाच्या पाण्यात बसत आहेत. थंडीने चरबी जळते, असे त्यांना व्यायामशाळेत कुणीतरी सांगितले. रात्री अर्धी लादी पोत्यात गुंडाळून आणायची, सळईने फोडायची आणि ज्या निळ्या ड्रमात आम्ही उन्हाळ्यासाठी पाणी साठवतो, त्यात छातीपर्यंत पाण्यात दहा मिनिटे बसायचे, असा क्रम आहे. परवा मी जवळच उभी होते. आत उतरताच त्यांचा श्वास अडकला, मग ते धापा टाकू लागले. बाहेर आले तेव्हा नखे निळसर पडली होती आणि टॉवेलची गाठही त्यांना मारता येईना.

जमेल तेवढे मी वाचले. उष्णता निर्माण करण्यासाठी साखर आणि मेद जाळणारी तपकिरी चरबी तान्ह्या बाळांप्रमाणे प्रौढांतही काम करते, हे 2009 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून स्पष्ट झाले, त्यामुळे हे सगळे थोतांड आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ती असते थोडीशीच, मुख्यतः मानेच्या पायथ्याशी, आणि लठ्ठ व्यक्तींमध्ये तिचे काम आणखी मंद आढळते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. दहा मिनिटांच्या कुडकुडण्याने त्यातल्या कितीशा जळणार? शिवाय थंडीने भूक खवळते. न्याहारीला एक भाकरी खाणारे दादा आता तीन खातात. त्यांचे दीड किलो वजन उतरले हे खरे, पण कृषी विद्यापीठाच्या परिसरात रोज तासभर चालणेही त्यांनी याच काळात सुरू केले आहे.

मला खरी धास्ती रक्तदाबाची आहे. गार पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, दाब एकदम चढतो आणि हृदयावर ताण येतो. डॉक्टरांना विचारा म्हटले, तर "ते नाहीच म्हणणार" असे उत्तर मिळते.

येथे कुणी डॉक्टर असल्यास कृपया सांगावे, की गोळी चालू असताना हे करणे कितपत धोक्याचे आहे आणि आधी कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात. रक्तदाब असूनही हा प्रयोग केलेल्यांनी आपला अनुभव, चांगला-वाईट जसा असेल तसा, लिहावा. मी तो दादांना वाचून दाखवणार आहे. पुढची लादी उद्या रात्री येईल, त्याआधी उत्तर मिळाले तर फार उपकार होतील.